नसलेली चिंच

"तोंड कोरडं पडतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि पेन कागदावर टेकवून त्या थांबल्या.

प्रश्न तसा काहीच नव्हता. छापील कागदावर अठरा प्रश्न होते, त्यातला हा तेरावा. मळमळतं का, डोकं दुखतं का, अंगाला खाज सुटते का, असे बारा प्रश्न कुंताबाईनं नुसती मान हलवून मागं टाकले होते. पाच महिने झाले, दर महिन्याला हेच प्रश्न, हीच मान. पण आज तेराव्याशी आली आणि भात खाता खाता दाढेखाली खडा यावा तसं झालं. कारण त्याच घडीला तिचं तोंड खरोखरच कोरडं पडलं होतं. असं कोरडं, की जीभ टाळूला चिकटली ती वैशाखातला पापड कापडाला चिकटावा तशी. ओढली तर फाटेल. आणि हे गोळीनं झालेलं नव्हतं, हे भंडाऱ्याच्या त्या दवाखान्यात एकट्या कुंताबाईला ठाऊक होतं. बाहेर बाकावर बसलेल्या रंभाबाईलाही ठाऊक होतं म्हणा, पण रंभाबाईनं तर सकाळीच, रस्त्यानं येता येता, तिच्या दंडाला चिमटा काढून बजावलं होतं, "कुंते, आज शेवटचा दिस हाय. मुकी राहाजो. चवदावा सवाल आला का मान हालव आन बाहेर ये. माह्या पायाची आन हाय तुले." रंभाबाईचा पाय म्हणजे काही लहान शपथ नव्हती. हत्तीपायानं तो इतका सुजला होता की तिच्या चाळीतली पोरं म्हणायची, रंभाबाई आंघोळ करते तेव्हा बाकीच्या अंगाला एक बादली लागते आणि त्या एका पायाला एक. चौदावा प्रश्न होता, 'गोळ्या नेमानं घेतल्या का, आणि स्वतःच्याच घेतल्या का?' म्हणजे कुंताबाईचं तोंड तेराव्या प्रश्नाला सुकलं ते चौदाव्याच्या धाकानं. पेन थांबलेलं होतं. पंखा कटकट करत फिरत होता. आणि डॉक्टरीण निर्मलाबाई, पुण्याकडची, सडसडीत, चष्मेवाली, इतक्या मायेनं तिच्याकडं बघत होत्या की खोटं बोलणाऱ्या माणसाला ते बघणंच चावावं. आत्ताच त्यांनी फीत लावून पाय मोजला होता आणि लहान पोरीसारख्या हरखल्या होत्या. "बघा कुंताबाई, दीड इंच कमी! दीड!"

दीड इंच कुणाचे, हा खरा सवाल होता.

सहा महिन्यांपूर्वी, शहाऐंशीच्या होळीनंतर, याच खोलीत हत्तीपायाच्या वीस बायांना बसवून निर्मलाबाईंनी सगळं समजावलं होतं. नवीन गोळी आली आहे, ती चालते की नाही ते पारखायचं आहे. निम्म्या जणींना खरी गोळी मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी. तिच्यात औषध नाही. कुणाला कोणती, ते पुडीवरच्या नंबरावरून नागपूरच्या कुलूपबंद कागदात लिहिलेलं आहे, खुद्द मलाही माहीत नाही. "मंग साधी कायले देता जी?" असं एकीनं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "माणसाला नुसत्या विश्वासानंसुद्धा बरं वाटतं. गोळीचा गुण किती आणि विश्वासाचा किती, ते कळायला नको का? म्हणून विश्वास वजा करायचा." बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. विश्वास वजा करायचा म्हणजे काय करायचं, हे त्यांना कळेना. त्यांच्या घरी आजवर जे काही शिजलं होतं त्यात तो घालायचाच असे. पण कुंताबाईला ते पटकन कळलं. इतकं पटकन कळलं की ती खुदकन हसली आणि सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या. तिच्या मनात आलं होतं, म्हणजे सासरच्या गावच्या गोदावरीमायची चिंच वजा करायची. मग बाईंनी अटी सांगितल्या. सहा महिने नेमानं घ्यायच्या, आपली पुडी आपणच खायची. ज्या शेवटपर्यंत राहतील त्यांना, गोळी खरी निघाली तर, वर्षभर फुकट मिळेल. नेम मोडला तर नाव कटेल. रंभाबाईनं त्यातलं 'वर्षभर' आणि 'नाव कटेल' एवढंच ऐकलं. कुंताबाईला मिळाली एक्केचाळीस नंबरची पुडी, रंभाबाईला बेचाळीस. दोघी एकाच चाळीत, भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या. एकीच्या घरची भाजी दुसरीच्या ताटात गेल्याशिवाय दोघींना घास उतरत नसे. आता दोघींतली एक खरी खाणार आणि एक साधी. हे कसं काय गळ्याखाली उतरावं? पहिल्याच संध्याकाळी रंभाबाई पुडी घेऊन उंबऱ्यावर येऊन बसली. "कुंते, तुही खरी असन आन माही साधी, त मी का तुयाकडं पाहात बसू? आन माही खरी असन, त तुया डोळ्यादेखत मी एकटी कसी खाऊ व माय?" कुंताबाईनं सासूचा अडकित्ता काढला. सुपारी कातरावी तशी तिची गोळी मधोमध कातरली, मग हिची. अर्धी-अर्धी. दोघींच्या पोटात दोन्ही. कुंताबाईचा नवरा नत्थू पितळेची भांडी ठोकणाऱ्या कारखान्यातून नुकताच घरी आलेला, तो लोटाभर पाणी पिऊन म्हणाला, "म्हंजे आता तुमी दोघीबी अर्ध्या-अर्ध्या बऱ्या होसान. डॉक्टरीणबाईले म्हणा, उरलेली अर्धी बाई मोजाची कोणी?" त्याला दोघींनी पळवून लावलं. सहा महिने रोज संध्याकाळी अडकित्ता वाजला. आणि सहा महिन्यांत कुंताबाईला एकदाही असं वाटलं नाही की आपण काही वाईट करतोय. वाटायचं ते फक्त महिन्यातून एकदा, चौदाव्या प्रश्नाला. तेव्हाही मानेला वाटायचं, तिला नाही.

पण तोंड. तोंडाची गोष्ट वेगळी असते. तोंड तिचं फार जुनं साक्षीदार होतं आणि त्यानं तिला एकदा जवळजवळ मारलंच होतं.

एकाहत्तरचा वैशाख. साकोलीच्या पलीकडं चार कोसांवर, तळ्याच्या पाळीला टेकलेलं तिचं सासरचं गाव. लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले, वय सतराच्या आसपास, अंगाची हळद गेलेली पण नवखेपण गेलेलं नाही. पाटलाच्या, म्हणजे पुंडलिकरावांच्या घरी शेवया करायला सात बाया गेल्या होत्या. पाटलीण सत्यभामाबाईंनी पीठ मळताना नाकातली नथ काढून कोनाड्यात ठेवली आणि दुपारी बघतात तर कोनाडा रिकामा. सुपं झटकली, शेवयांची कापडं झटकली, बायांचे पदर झटकले. नथ नाही. आणि त्या दुपारी सूप आणायला आतल्या घरात जाताना सगळ्यांना दिसलेली बाई एकच, कुंता. कुणी काही बोललं नाही. पण न बोलणं कसं असतं ते तिला त्या दुपारी कळलं. सगळ्या बाया तिच्यापासून एकेक हात लांब सरकून बसल्या आणि तिची सासू, जी सकाळी तिला 'बाई' म्हणत होती, ती 'हे' म्हणायला लागली. "हे आली ना आमच्या घरी तवापासून काई ना काई..." इतकंच म्हणून ती थांबली. त्या थांबण्यात बैलगाडी, ट्रंक आणि माहेरची वाट सगळं होतं. दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी पुंडलिकरावांनी सातही जणींना तळ्याच्या पाळीवर, मातामायच्या ठाण्यापुढं उभं केलं. गावाची चाल होती ती. प्रत्येकीच्या हातावर लुचई तांदळाची एक मूठ. कच्चा, कोरडा तांदूळ. "चाबा आन पळसाच्या पानावर थुका," पुंडलिकराव म्हणाले. "जिचा भुगा कोरडा पडन, तिनं नथ नेली. मातामाय पाहून राहिली."

गावचे देवाजी मास्तर तेवढे आडवे आले. बारीक माणूस, धोतराचा सोगा सतत हातात. "पुंडलिकराव, हे काई खरं नाई. भंडाऱ्याच्या कोर्टात जा, थो जज्ज पुरावा मागन, साक्षीदार मागन. तांदूळ नाई मागत."

"जज्जाच्या घरची नथ जाऊ द्या मास्तर," पुंडलिकराव म्हणाले, "मंग पाहू थो काय मागते."

मास्तरांना ज्ञान फार आणि ते आवरत नसे. बोटं मोडत ते सांगायला लागले की जुन्या ग्रंथांत अशी नऊ दिव्यं सांगितली आहेत, कुणाला तराजूत बसवत, कुणाला तापलेला लोखंडाचा गोळा धरायला लावत, कुणाला पाण्यात बुडवून ठेवत, कुणाला विष पाजत, चोरीसाठी तांदूळ, आणि न्यायशास्त्रवाले म्हणतात की आधी वस्तूचं नाव घ्या, मग तिचं लक्षण सांगा, आणि मगच पारखा. "तुमी त सुरूच पारखण्यापासून केलं. कोरडं तोंड हे चोराचं लक्षण हाय का भेकडाचं, हे ठरवलं कोणी?"

तेव्हा पाळीवरच्या दगडावर बसलेली गोदावरीमाय बोलली. ती सातातली सातवी. साठीच्या पुढची, वाळलेल्या खारकेसारखी, तोंडात एक दात नाही. म्हणून पुंडलिकरावांनीच तिला तांदूळ चाबण्यातून सोडलं होतं, "तुया तोंडात का जातं हाय म्हातारे, बस तिकडं" असं म्हणून. ती म्हणाली, "मास्तर, त्या नवात आयकाचं दिव्य कितवं जी? तुमचं आयकता आयकता माही बोळकी सुकून चालली." सगळे हसले. कुंता हसली नाही. तिच्या तोंडात तांदूळ होता आणि तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. दाढा फिरत होत्या, कणी होत होती, आणि कणी तशीच सुकी, रेतीसारखी, गालात, हिरड्यांत, घशाशी. तिनं नथ घेतली नव्हती हे तिला माहीत होतं. पण तिच्या तोंडाला ते कोण सांगणार? तिला तेव्हा असं वाटलं होतं, आणि हे पुढं पंधरा वर्षांत तिनं कुणालाही सांगितलं नाही, की कदाचित आपणच घेतली असेल. आपल्याला आठवत नसेल. देवी म्हणते तर घेतलीच असेल. तळ्याचं पाणी समोर इतकं पसरलं होतं, सगळं गावच त्यावर शेती करायचं, आणि तिच्या जिभेला त्यातला एक थेंब नव्हता. बाजूला गोदावरीमायची सून बेबी उभी होती, कडेवर तापानं फणफणलेलं पोर घेऊन. तिचाही चेहरा खडूसारखा झालेला कुंतानं पाहिला होता. पण भीती लागलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती दिसते कुठं.

"तुमाले चिंचेची गोठ सांगू का?" गोदावरीमाय म्हणाली.

"म्हातारे, चूप बस," पुंडलिकराव म्हणाले.

"तांदूळ थ्यायच्या तोंडात हाय, माह्या नाई. मी कायले चूप बसू?" आणि तिनं सुरू केलं. "माह्या माहेरी, नाकाडोंगरीच्या जंगलात, एक चिंच होती. असी आंबट, असी आंबट, का तिच्या सावलीतून गाय गेली त दूध कासेतच फाटे. गवळी डायरेक दह्याचा धंदा करत. एक डाव एक पोपट बसला तिच्यावर. तवा पोपटाची चोच सरळ राहे, कावळ्यासारखी. यानं एक टोच मारली आन चोच जे वाकडी झाली, ते साऱ्या खानदानाची वाकडी झाली. पाहा ना, हाय का कोण्या पोपटाची सरळ?" कुणीतरी फिसकन हसलं आणि पान ओलं झालं. पुंडलिकराव ओरडले. गोदावरीमाय थांबली नाही. "आन वाघ! नागझिऱ्याचा वाघ आला, खाली पडलेलं एक बोटूक चाटलं त्यानं. चाटलं त एक डोळा जो मिटला, थो आजूनई उघडला नाई. जंगलातला सायेब आला, त्यानं पाह्यलं, वाघ आपल्याले डोळा मारून राहिला. थो बिचारा त्याच दिसी नोकरी सोडून घरी गेला. पण थे पिकली चिंच झाली. पिकलीचं काय. कच्ची, हिरवी, आतून पांढरट, दाताखाली कचकन तुटते ते. ते तोडाची, पाट्यावर ठेचाची, वरून मीठ. थोडं तिखट. गुळाचा एवढा खडा. आन बोटानं..." इथं तिनं हवेत बोट बुडवलं, आपल्या दात नसलेल्या तोंडात घातलं, डोळे गच्च मिटले, खांदे वर केले, आणि 'स्स्स' असा आवाज केला.

कुंताच्या कानामागं काहीतरी टचकन दुखलं. गालाच्या आतून, दोन्हीकडून, जणू दोन झरे फुटले. जीभ भिजली, कणी भिजली, हनुवटीपर्यंत आलं. तिनं पानावर थुंकलं ते दुधासारखं पांढरं आणि ओलं. बेबीनं थुंकलं तेही ओलं. साही पानं ओली. मास्तरांनी सोग्यानं ओठ पुसले. आणि खुद्द पुंडलिकरावांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. साऱ्या गावानं पाहिली. ठाण्यापुढं सहा बायांचे निवाडे पडलेले होते आणि पाटील स्वतःच लाळ गिळत होता. "जा घरी साऱ्या," एवढं म्हणून ते निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नथ मातामायच्या ठाण्यावर, शेंदरावर ठेवलेली सापडली आणि गावानं म्हटलं, देवीनंच दिली. सासू पुन्हा 'बाई' म्हणायला लागली. कुंता त्या घरात राहिली. पुढं त्याच घरातून नत्थूबरोबर भंडाऱ्याला आली, संसार झाला, दोन पोरी झाल्या. तिच्या आयुष्यात जे काही झालं ते त्या चिंचेनंतर झालं, असं ती मनात मानायची. आणि चिंच तर नव्हतीच. नाकाडोंगरीला गोदावरीमायचं माहेरही नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी, म्हातारी अंथरुणाला लागली ऐकून, कुंताबाई लुगडं आणि नारळ घेऊन गेली होती. कारध्याच्या पुलावरून एस.टी. वैनगंगा ओलांडत होती तेव्हा ती काय बोलायचं ते जुळवत होती. तुमी मले वाचवलं, तुमच्यामुळं माहं घर राहिलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि मग पोट धरून हसली, खोकला येईस्तोवर. "तुयासाठी? तुयासाठी नाई व बाई. बेबीसाठी. पोराच्या दवाले म्हणून त्या येडीनं नथ उचलली होती. राती मले सांगितलं रडत. मी म्हटलं उद्या तांदूळ आला म्हंजे ते मेली. तवा सुचली चिंच. मंग नथ तिच्याच हातानं ठेवाले लावली ठाण्यावर. पोराले मीच घेऊन गेली साकोलीच्या दवाखान्यात." मग डोळे बारीक करून म्हणाली, "जनमभर इतक्या गोठी सांगितल्या, सारी खोटी लोकायनं खरी मानली. आता ही खरी सांगितली त कोणी मानन का?" एस.टी.नं परतताना कुंताबाई खिडकीशी बसून होती आणि तिला वाटत होतं आपल्याला वाईट वाटायला पाहिजे. आपल्यावरचा उपकार आपल्यासाठी नव्हताच. दुसऱ्याच्या ताटातलं आपल्या ताटात सांडलेलं. पण वाईट वाटेना. उलट तिला असं वाटायला लागलं की हेच बरं. जी बाई तिला ओळखतही नव्हती नीट, तिच्या मायेचं पाणी तिच्यापर्यंत आलं होतं. तळ्याचं पाणी सोडलं की ते ज्याच्या धानासाठी सोडलं त्याच्याच बांधीत थोडंच थांबतं. ती नदीवरून जाताना पदराआड हसली होती. लुगडं म्हातारीनं बेबीला नेसवलं, हे तिनं निघताना पाहिलं होतं.

पेन अजून थांबलेलं होतं. इतकं सगळं तिच्या डोक्यातून गेलं आणि पंख्याचे फेरे झाले असतील पाच-सात. आता ती मान हलवू शकत होती. गोदावरीमायनंही पारख बिघडवलीच होती की. मायेनं बिघडवली होती. अडकित्त्यानंही तेच केलं. मग इथं हे तोंड काय म्हणून सुकतंय? कुंताबाई त्या सुक्या तोंडाशी बसून राहिली, आणि हळूहळू, भाताची पेज निवळावी तसं, तिला दिसायला लागलं. तिकडं पाळीवर आरोपी ती होती. बाई होती. तांदूळ बाईला विचारत होता आणि ऐकत होता फक्त तिची भीती. इथं तिला कुणी काही विचारतच नाही. इथं पिंजऱ्यात उभी आहे ती गोळी. गोळे, तू खरं बोलतेस का? एवढंच विचारणं चाललंय. आणि कुंताबाई, रंभाबाई आणि बाहेरच्या बाकावरच्या सगळ्या, त्या साक्षीदार. नत्थू एकदा एस.टी.च्या अपघाताच्या खटल्यात साक्षीला गेला होता भंडाऱ्याच्या कोर्टात. खरं सांगीन म्हणाला आणि त्याची बोबडी वळली. जज्जानं आधी त्याला पाणी पाजायला सांगितलं आणि मग विचारलं. पाळीवर कुणी पाणी पाजत नव्हतं. पाणी पाजलं तर निवाडाच बुडाला असता. हा फरक नत्थूनं घरी येऊन सांगितला नव्हता. तो नुसता म्हणाला होता, जज्ज भला माणूस हाय. पण फरक तोच होता. तिनं मान हलवली तर ही गोळी सुटून जाईल, खरी असो की लबाड, आणि मग ती गावोगाव जाईल, नाकाडोंगरीला, साकोलीला, त्या तळ्याकाठी, बेबीच्या पोरांच्या तोंडात. आणि सांगितलं तर रंभाबाईचा पाय. आन घातलेला पाय. तो बाहेर बाकावर पसरून बसलेला.

"पानी मिळन का जी?" कुंताबाई म्हणाली.

निर्मलाबाई स्वतः उठल्या. माठातून स्टीलच्या ग्लासात पाणी काढून दिलं. कुंताबाई ते घोट घोट प्याली आणि तिनं ग्लास पालथा घातला.

"बाई, तोंड कोरडं पडते. पण थे गोळीनं नाई. मी खोटी बोलून राहिली म्हणून पडते."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. पुडी एक्केचाळीस, पुडी बेचाळीस, उंबरा, अडकित्ता. निर्मलाबाईंनी चष्मा काढला. डोळे मिटले. "सहा महिने," त्या हळूच म्हणाल्या. "रोज?"

"रोज. एक दिस नाई चुकला. नेमानं घेतल्या, बाई. नेम बाकी पाळला."

त्या नेमाचं काय करावं ते बाईंना कळेना. मग एकदम त्यांच्या मनात काहीतरी आलं आणि त्या उठून दारात गेल्या. बाकावर नऊ बाया होत्या. "खरं सांगा," बाई म्हणाल्या, "कुणी कुणी आपली पुडी दुसऱ्याला दिली? कुणाला रागावणार नाही." रंभाबाईनं कुंताबाईकडं पाहिलं, ते पाहणं तिथंच जाळून टाकणारं होतं. कुंताबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "रंभाबाई," ती म्हणाली, "सांगितलं मी, एक्केचाळीस-बेचाळीस दोनीबी. अडकित्ता माहाच होता, हेबी सांगितलं. तुमच्या पायाची आन माह्या गळ्यात." रंभाबाई रडायला लागली. आणि मग बाकाच्या पार टोकाची ताराबाई उठली. तिनं आपल्या नवऱ्याच्या गुडघ्यासाठी दिल्या होत्या निम्म्या. दुसरीनं जावेला. एकीनं मान खाली घालून सांगितलं की बकरीचा पाय सुजला होता म्हणून बकरीलाही चार दिल्या, आणि बकरी बरी झाली.

"बकरी एक्केचाळीस नंबरची असन," ताराबाई म्हणाली, आणि पहिल्यांदा रंभाबाई रडता रडता हसली.

निर्मलाबाई दाराला टेकल्या. हसत होत्या की रडत होत्या ते चष्म्याविना त्यांनाही दिसलं नसेल. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "अहो, हे असंच नागपूरला गेलं असतं ना, तर मी काय लिहून बसले असते! आज कळलं. कुंताबाईंमुळं कळलं." मग त्या रंभाबाईपुढं उकिडव्या बसल्या, त्या जडशीळ पायावर हात ठेवून. "तुमची नावं मोजणीतून जातील. ते मला थांबवता येणार नाही. पण पाय माझ्या दवाखान्यातून जात नाही. रोज धुवायचा, दर महिन्याला मला दाखवायचा, आणि ही गोळी खरी निघाली तर तुमच्यासाठी मी मागून आणीन. ते माझ्याकडं लागलं."

"खरी?" रंभाबाई म्हणाली. "अख्खी?"

"अख्खी. अडकित्ता घरी ठेवायचा."

सगळ्या निघाल्यावर बाईंनी कुंताबाईला परत आत बोलावलं, कागद पुरा करायला. कटलेलं नावसुद्धा पुरं करावं लागतं म्हणे. कुंताबाई स्टुलावर बसली. तिच्या दीड इंचाचं आता कुणीच काही सांगू शकत नव्हतं. अर्ध्या गोळीचे असतील, रंभाबाईच्या अर्धीचे असतील, रोज संध्याकाळी उंबऱ्यावर दोघींनी बसण्याचे असतील. पण कमी झाले होते आणि पाय हलका होता. तिला आज सगळ्यांचेच आभार मानावेसे वाटत होते, अडकित्त्याचेसुद्धा.

"एक विचारू?" निर्मलाबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मी विश्वास वजा करायचा म्हणाले, तेव्हा तुम्ही एकट्याच का हसलात?"

"मले चिंच आठवली जी."

"कसली चिंच?"

तेव्हा कुंताबाईनं सांगितली. फाटलेलं दूध, वाकडी चोच, डोळा मारणारा वाघ. मास्तरांची नऊ दिव्यं तिनं गाळली; पण कच्ची हिरवी चिंच पाट्यावर ठेचली, मीठ घातलं, गुळाचा खडा घातला, आणि बोट हवेत बुडवून तोंडात घालून डोळे गच्च मिटले. 'स्स्स' केलं ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त गोदावरीमायसारखं झालं. डोळे उघडले तर पुण्याकडची डॉक्टरीणबाई पेन धरून बसलेली, ओठ मिटलेले, आणि तिच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. बाईंनाही ते कळलं. त्यांनी गळ्याला हात लावला आणि चकित होऊन बघत राहिल्या.

"ही वजा कशी करायची हो?" त्या म्हणाल्या.

"नाई होत," कुंताबाई म्हणाली.

बाईंनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं. "तेराव्याचं उत्तर राहिलंय. काय लिहू?"

कुंताबाईनं जीभ ओठांवरून फिरवली.

"लिहा," ती म्हणाली, "पडलं होतं. आता नाई."